आठवीची खोली

उन्हाळा चढू लागला की आमच्या घरचा चहा खारट लागायचा. विहिरीचं पाणी तळाला जाई आणि खाडी खालून त्यात शिरे. नवा पाहुणा पहिल्या घोटालाच थांबायचा, कपात डोकावून बघायचा आणि मग माणुसकी म्हणून उरलेला चहा डोळे मिटून संपवायचा. आई मुद्दाम विचारायची, "साखर कमी परली काय?" तो बिचारा नाही नाही म्हणायचा. त्याची पाठ वळली की ती पदर तोंडात धरून हसत सुटायची. माझी आई अशी होती. बुटकी, चपळ, आणि तोंडाने फटकळ. घरात काय शिजलंय हे वासाने कळायच्या आधी तिच्या आवाजाने कळायचं, कारण वाकट्या भाजताना ती मांजरांना शिव्या घालायची आणि निवट्यांचं कालवण करताना निवट्यांना. जिवंत निवट्या, खाडीच्या चिखलातले ते मासे, टोपातून उड्या मारायच्या आणि आई त्यांच्यामागे घरभर फिरायची. हे सगळं आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कोणाला वाटेल की ती कठोर बाई होती. तशी ती नव्हती. असती तर मला इतकं लागलंच नसतं.

आमचं गाव गव्हाणच्या पलीकडे, खाडीला टेकलेलं. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि मध्ये मातीचा बांध. बांध धड तर गाव धड, एवढं एकच शास्त्र आमच्याकडे सगळ्यांना यायचं. घरं कुडाची, वर मंगलोरी कौलं, जमीन शेणाने सारवलेली. माझे बाबा मिठागरावर होते. घरी यायचे तेव्हा त्यांच्या पायांच्या भेगांत पांढरं मीठ असायचं आणि आई त्यांना उंबऱ्यावरच पाय धुवायला लावायची. बाबा कमी बोलायचे. त्यांच्या वाटणीचं सगळं बोलणं त्यांच्या थोरल्या भावाला मिळालं होतं. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्या समोरच्याच घरात राहायचे आणि गावकीतले पहिले पंच होते. भांडण असो की लग्न, तात्या खाकरले की लोक गप्प व्हायचे. मी त्यांची लाडकी. ते मला 'मास्तरीन' म्हणायचे आणि पनवेलच्या बाजाराला गेले की येताना माझ्यासाठी पेन्सिल आणायचे. काकी कुरकुरायची, "पोरीच्या जातीला कित्या पायजेत पेन्शिली?" तात्या म्हणायचे, "तुला नाय पायजेत, तिला पायजेत."

गावातली शाळा सातवीपर्यंत. दोन खोल्या, एक पडवी आणि देसले गुरुजी. गुरुजी खानदेशातून आलेले. सुरुवातीला त्यांना आमची बोली कळेना आणि आम्हाला त्यांची, तेव्हा दोघांनी पुस्तकातली मराठी धरली, त्यात आमचा फायदाच झाला. सातवीनंतर मुलगे बांधावरून तासभर चालत सडकेला जायचे आणि तिथून एसटीने पनवेलला. मुलींना बांधावरून एकटं पाठवायची रीत नव्हती. सातवी झाली की मुलगी मिठागरावर किंवा चुलीपुढे, आणि दोन-तीन वर्षांत सासरी. मला यात काही गैर वाटत नव्हतं, एका दिवसापर्यंत. त्या दिवशी तात्यांच्या मुलाचं आठवीचं गणिताचं पुस्तक माझ्या हाती लागलं. त्यात अक्षरांची बेरीज होती. आकड्यांची नाही, अक्षरांची! मी ते पान दहादा वाचलं, काही कळलं नाही आणि कळलं नाही याचाच इतका राग आला की मी पुस्तक घेऊन थेट गुरुजींकडे गेले. ते म्हणाले, "हे आठवीत कळतं." बस, तेव्हापासून मला आठवी पाहिजे होती. लहान पोराला जत्रेतला फुगा पाहिजे असतो तशी.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर, भात कापून खळ्यात आलं होतं तेव्हा, वादळ आलं. भर दुपारचं. सकाळपासून वारा पडलेला होता आणि खाडीचं पाणी विचित्र रंगाचं दिसत होतं. म्हातारी माणसं बांधावर जाऊन आली आणि गोठ्यातली गुरं सोडू लागली. जेवणं झाली न झाली तोच कौलं वाजायला लागली. कौलं एकदम उडत नाहीत, आधी ती एकमेकांवर दात वाजवतात. मग एक गेलं, मग रांगच्या रांग गेली आणि घरात वरून उजेड आला. आईने माझ्या धाकट्या भावाला, बाळाला, गोधडीत गुंडाळलं आणि आम्ही गावदेवीच्या देवळात पळालो, कारण गावात दगडी भिंत तेवढीच होती. सगळा गाव तिथे. बाया देवीला हाका मारत होत्या. तेवढ्यात बाहेर असा आवाज झाला की हाकासुद्धा थांबल्या. शाळेची भिंत पडली होती. मी दाराच्या फटीतून पाहिलं तर फळा उघड्यावर भिजत होता आणि त्यावरचा गुरुजींचा सुविचार खाली ओघळत होता.

वारा थांबला तेव्हा बांधाला तीन ठिकाणी खांडं पडली होती आणि खाडी शेतात येऊन बसली होती. बांधाला खांड गेलं की घरामागे एक माणूस निघालाच पाहिजे, हा आमचा नियम. कोणी बोलवायला येत नाही आणि कोणी घरी राहत नाही. बायका-पुरुष गुडघाभर चिखलात उभे राहून हातोहात ढेकळं टाकत होते. खांडं बुजली तेव्हा लोक मागे वळले आणि घरं बघायला गेले. आमच्या घराचं आढं मोडलं होतं, मागची भिंत बसली होती, आणि चुलीत चक्क एक चिंबोरी होती. आईने ती उचलली, नांग्या मोडल्या आणि म्हणाली, "चला, रातच्या कालवनाची तरी सोय झाली." आम्ही सगळे हसलो. मग ती चुलीपुढे बसली आणि रडायला लागली. बाबा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

मिठागरं गाळाने भरली होती, म्हणजे त्या वर्षी मीठ नाही. बाबा उरणकडे बंदराच्या कामावर मजुरीला गेले आणि फक्त बाजाराच्या दिवशी घरी येऊ लागले. आम्ही पडक्या घराच्या पुढच्या अर्ध्या भागात ताडपत्रीखाली राहिलो. बाळा तेव्हा नुकता चालायला लागला होता. त्याची छाती जन्मापासून नाजूक, त्यात थंडीचे दिवस, दव आणि ओली जमीन. त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. आई त्याला उभा खांद्यावर घेऊन फेऱ्या घालायची आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला लावायची. वैद्याचं औषध झालं, पनवेलच्या डॉक्टरचं झालं. डॉक्टरने एवढंच सांगितलं की याला कोरड्या जागेत ठेवा. आईने विचारलं, "कोरडी जागा कनच्या दुकानात मिलते?"

मग मुंबईहून एका संस्थेची माणसं जीपने आली. त्यांनी गावकीत सांगितलं की आम्ही सामान देतो, मेहनत तुम्ही करायची. आधी शाळा बांधायची, मग घरं मजबूत करायची. नुसतं शाकारायचं नाही, तर आढं खांबाला लोखंडी पट्टीने बांधायचं, वासे आढ्याला बांधायचे आणि वर पत्रे हुकांनी आवळायचे, म्हणजे पुढच्या वादळाला घर उचलून नेता येणार नाही. शाळेसाठी ते तीन खोल्यांचं सामान द्यायला तयार होते. गुरुजी उठून उभे राहिले. एरवी गावकीत ते कधी बोलत नसत. म्हणाले, "तिसरी खोली झाली तर मी आठवीचा वर्ग आणतो. वरच्या ऑफिसात मला सांगितलंय, खोली दाखवा आणि वर्ग घ्या." पण खोलीला जागा नव्हती. शाळेच्या एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला देऊळ, आणि तिसऱ्या बाजूला आमचं खळं, जिथे आम्ही भात झोडायचो.

बाबा त्या दिवशी घरी होते. ते उठले. आख्ख्या आयुष्यात गावकीत ते एवढंच बोलले असतील. "खला घ्या. पन थय आठवी झाली पायजे. माजी पोर थय बसल." सगळ्यांनी माना डोलावल्या. तात्यांनी देवीपुढे नारळ फोडला आणि शब्द पक्का झाला. आमच्याकडे शब्दाने दिलेल्या जागेचा कायदा सरळ आहे. ज्या कामाला जागा दिली त्याच कामाला ती राहायची. दुसरं काही करायचं तर ज्या घराने दिली त्या घराला विचारायचं. कागद कोणी केला नाही. देवीच्या देवळात कागद मागणं म्हणजे देवीवर संशय घेण्यासारखं झालं असतं.

शाळा झाली, आणि मग घरांची पाळी कोणाची आधी, हा प्रश्न आला. आमच्याकडे वाटणी कशाचीही असो, मासळीची, वाफ्यांची की कामाची, ती निशाणीवर होते. प्रत्येक घराने आपली एक वस्तू टोपलीत टाकायची. कोणी कवडी टाकतं, कोणी बटण, कोणी जाळ्याचं शिसं. वर फडकं घालायचं आणि एखाद्या लहान मुलीने हात घालून एकेक वस्तू काढायची. जी आधी निघेल त्याची पाळी आधी. त्यावर कोणी बोलायचं नाही, कारण ती देवीची निवड. आईने आपल्या हिरव्या बांगडीचा तुकडा टाकला होता. काढायला मला उभं केलं. पहिलीच कवडी निघाली, गावाच्या टोकाच्या विधवा म्हातारीची. मग कोणाचं बटण. तिसरी निघाली तात्यांची पितळी घंटी, बैलाच्या गळ्यातली. मी काढत राहिले आणि बांगडी काही येईना. टोपली रिकामी होत आली तेव्हा ती आली, शेवटून दुसरी. एवढी घरं व्हायची म्हणजे मधे पावसाळा येणार, हे सगळ्यांना कळत होतं. आईने बांगडीचा तुकडा माझ्या हातातून घेतला, कनवटीला लावला आणि बाळाला घेऊन निघून गेली. तिने मला दोन धपाटे घातले असते तर बरं झालं असतं.

आठवडा झाला नसेल, तात्यांनी गावकी बोलावली आणि सांगितलं, "माजी पाली मी भावाच्या घराला देतो. माजी निम्मी कौला हायत अजून. त्याचा पोर आजारी हाय." गावात दुसऱ्या दिवसापर्यंत तात्यांचंच नाव. भाऊ असावा तर असा! मी तर त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मान दुसरीकडे वळवली. मला वाटलं, थोर माणसांना स्तुती आवडत नाही.

आमच्या घराचं काम निघालं तेव्हाचे दिवस सुखाचे होते, हे आज मान्य करायला जीभ जड होते, पण होते. गाव सावडीने आलं, म्हणजे आज आमच्याकडे सगळे आणि उद्या त्यांच्याकडे आम्ही. सकाळपासून ठोकाठोक. पुरुष वर वाशांवर बसून पट्ट्या आवळायचे, बायका खाली भिंतीसाठी मातीचा गारा कालवायच्या. आई रोज सगळ्यांना जेवू घालायची. तांदळाच्या भाकऱ्या, कोलमाची, म्हणजे बारीक सुकटीची, चटणी, कधी जवळा घालून वांगी. कोणाच्या तरी शेवग्याच्या शेंगा यायच्या. मी भाकऱ्या थापताना पाढ्यांऐवजी अक्षरांची बेरीज करायचे, क अधिक क म्हणजे दोन क, आणि आई म्हणायची, "ही येडी झाली काय?" मागची भिंत उभी राहिली, पत्रे चढले. बाळाला आत निजवलं आणि दोन-चार दिवसांत त्याची छाती मोकळी झाली. आई सारखी वर बघायची. काम करता करता थांबायची, पत्र्याकडे बघायची आणि पुन्हा कामाला लागायची.

माझा हा भाऊ आता द्रोणागिरीला असतो. कंटेनर वाहणारे ट्रक आहेत त्याचे, आणि छाती अशी की दारातून आत येताना तीच आधी येते. गावात त्याने तीन मजली घर बांधलंय. गच्चीवर उभा राहून तो मुलांना विमानं दाखवतो. त्याच्या दोन्ही मुली नवी मुंबईत इंग्रजी शाळेत जातात, दारात बस येते. हे प्रकरण तो वाचेल तेव्हा त्याला पहिल्यांदाच कळेल. वाईट वाटून घेऊ नकोस रे बाळा, तू तेव्हा दीड वर्षाचा होतास.

तर सातवीची परीक्षा झाली, मी पहिली आले. आमच्या वर्गात चौघी मुली होतो आणि चौघींच्याही घरी गुरुजींनी जाऊन सांगितलं होतं की आठवीसाठी पोरीला घरी ठेवू नका. जूनमध्ये शाळा उघडली. आईने तिच्या जुन्या लुगड्याचा परकर शिवून दिला होता, निळ्या रंगाचा. शिवताना ती एकदासुद्धा काही बोलली नव्हती, हे मला मागाहून आठवलं. आम्ही चौघी शाळेत गेलो. पहिल्या खोलीत लहान पोरं, दुसऱ्या खोलीत मोठी. तिसऱ्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत तात्यांचा गडी सिमेंटच्या गोणी लावत होता. भिंतीला पत्र्यांची चवड. कोपऱ्यात हुकांचे डबे, तारेची भेंडोळी. दाराशी लाकडी फळीचं गल्ल्याचं टेबल. मला आधी वाटलं की घरांचं सामान आहे, पाऊस तोंडावर आलाय, चार दिवस ठेवलं असेल. मी गड्याला म्हटलं, "लवकर काढ हां, आमची शाला भरायची हाय." तो हसला. "शाला? ह्या तात्यांचा दुकान हाय. आता समद्यांना घर पक्का करायचा हाय ना? लोक पनवेलला कित्या जातील?"

गुरुजी दुसऱ्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी आम्हाला हाक मारली नाही, तेव्हाच मला कळलं. मी विचारलं तर खडूचे हात झटकत म्हणाले, "वरच्या ऑफिसातले साहेब मे महिन्यातच येऊन गेले. खोलीत सिमेंट बघितलं आणि गेले. पुढच्या वर्षी बघू." मी म्हटलं, "पण जागा आमची आहे. बाबांनी शब्द घेतलाय." गुरुजी म्हणाले, "तुमच्याच घराने हरकत घेतली नाही ना, मग मी परक्या गावचा माणूस काय करणार?" मला या वाक्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. बाबा तर उरणला होते. मला वाटलं, बाबा नाहीत हे बघून तात्यांनी केसाने गळा कापला. पाळी दिली आणि खोली लाटली.

मी तशीच तात्यांच्या घरी गेले. ते पाटावर बसून जेवत होते. वर त्यांच्या घराची अर्धी कौलं अजून नव्हती, तिथे झावळ्या टाकलेल्या होत्या. मी उंबऱ्यातूनच सुरुवात केली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण देवीच्या नारळाचं बोलले, चोर म्हणाले, आणि 'मला मास्तरीण म्हणू नका यापुढे' असंही म्हणाले. तेरा वर्षांच्या पोरीने पहिल्या पंचाला असं बोलायचं म्हणजे गावात खळबळ व्हायला हवी. तात्या मात्र भाकरीचा तुकडा मोडत राहिले. एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ताटात बघू लागले. मी आणखी चढले. तेव्हा काकी आतून बाहेर आली, हात पदराला पुसत.

"कोनाला चोर बोलतंस गो?" ती म्हणाली. "तुज्या आयसला इचार जा. तीच आयली व्हती आमचे घरी. 'तुमची पाली आमाला द्या, खोली तुमी घ्या, मी काय बोलनार नाय.' तिच्या तोंराचे शबुद हायत. देवीवर हात ठेवून सांगते."

"गप ऱ्हा," तात्या म्हणाले.

"कित्या गप ऱ्हाऊ? घर आमचा उघरा परलाय, आनि शिव्या पन आमीच खायाच्या?"

मी तात्यांकडे बघितलं. माझी खात्री होती की ते आता काकीला खोटं पाडतील. ते म्हणाले, "जा बाय, घरा जा."

आमच्या घरापर्यंत अंतर ते काय, एक गल्ली. ती ओलांडताना मी मनात म्हणत होते की काकीची जीभ लांब आहे, उचलली आणि लावली टाळ्याला. आई अंगणात सुपात जवळा निवडत बसली होती. बाळा तिच्या पाठीला धरून उभा होता. मी काही विचारायच्या आधीच तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. मग मी विचारायची गरजच उरली नाही, तरी मी विचारलं.

"काकी बोलते ता खरा हाय?"

"हाय."

इतकं सरळ. तिने थोडं तरी आढेवेढे घ्यायला हवे होते. मी म्हटलं, "बाबांनी खला दिला व्हता. माज्यासाठी."

"दिला व्हता."

"मंग तू कोन इकनारी?"

ती उठली. मला वाटलं आता मारणार. तिने माझा दंड धरला, मला घरात नेलं आणि म्हणाली, "वर बघ." वर आढं होतं, त्याला आवळलेली लोखंडी पट्टी, त्यावर पत्रे. "ह्या बघ. ह्याच्याखाली तो जगला. ताडपत्रीत त्याचा पावसाला निघाला नसता. मी सांगते नाय, डाक्टर सांगत व्हता. माजी बांगडी मागून निघाली. देवीला मी काय बोलू? तुज्या तात्याला दुकान पायजे व्हता, मना पाली पायजे व्हती. माज्याकरं दुसरा काय व्हता द्यायला?"

"माजी आठवी व्हती," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "तीच व्हती."

मी रडत होते आणि रडताना मला माझाच राग येत होता, कारण बाळा आत येऊन माझ्या निळ्या परकराला धरून हसत होता आणि मला त्याला ढकलता येत नव्हतं. मी त्याला ढकललं असतं तर बरं वाटलं असतं काय? कोण जाणे. मी आईला म्हटलं की निदान मला सांगायचं होतंस. महिने गेले. तू हा परकर शिवलास. मी तुझ्यासमोर बसून अक्षरं मिळवत होते, तू हसत होतीस. तू मला एकदा विचारायचं होतंस. एकदाच.

याच्यापुढचं आईचं बोलणं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. मी पुढे लग्नानंतर, पोरं शाळेत जायला लागल्यावर, बाहेरून दहावी केली, नंतर आणखी शिकले, बालवाडी चालवली. कुठे सत्कार झाला, कुठे भाषण झालं, की मी हे वाक्य सांगायचे आणि बाया डोळे पुसायच्या. आईसुद्धा एकदा समोर बसली होती, पहिल्या रांगेत, आणि तीही मान हलवत होती. आई म्हणाली होती:

"तुला इचारला असता तं तू हो बोलली असतीस गो. भावासाठी हो बोलली असतीस. मंग जल्मभर सोताला बोल लावत बसली असतीस. आता मना लाव."

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटी तिला माझ्याकडेच, नवीन पनवेलच्या घरी, आणलं होतं. तिची सेवा मी केली, मनापासून केली. माझ्या भाषणांमुळे गावात तिला लोक देवमाणूस म्हणायचे. ते वाक्य इतकं सुंदर आहे की त्याच्यापुढे कोणालाच काही बोलता येत नाही. मलाही इतकी वर्षं आलं नाही.

पण आता साठीच्या जवळ आल्यावर स्वतःशी खोटं बोलण्यात काही मजा उरत नाही. म्हणून लिहिते. तिने विचारलं असतं तर मी हो म्हणाले नसते. मी नाही म्हणाले असते. मी पाय आपटले असते, देवीच्या नारळाची आठवण दिली असती, उरणला बाबांना निरोप धाडला असता आणि खोली सोडली नसती. भावाचं काय व्हायचं ते होवो, मला अक्षरांची बेरीज कळायला हवी होती. मी तशीच पोर होते, आणि मला जन्म दिलेल्या बाईला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तिने विचारलं नाही.